फो फू छन जोउ: भांडी फोडली, होड्या बुडवल्या, पण का? एक चिनी छंग-यू मुळापर्यंत कसा वाचायचा

चिनी भाषेत छंग-यू नावाचा एक प्रकार असतो, बहुतेक वेळा मोजून चार अक्षरं आणि त्या चार अक्षरांत एक अख्खी गोष्ट दाबून बसवलेली. आपल्याकडे 'ध'चा 'मा' करणे म्हणतात ना, त्यात नारायणरावाचा खून आणि आनंदीबाई माहीत नसेल तर नुसत्या ध आणि मा वरून कुणाला काय कळणार, तसंच हे. म्हणजे डिक्शनरीत अर्थ बघितला की काम संपत नाही, आणि मँडरिन शिकणारे आपले बरेच लोक नेमके तिथेच थांबतात, एका ओळीचा अर्थ पाठ करतात आणि मग भलत्या ठिकाणी वापरतात.

म्हणून एकच छंग-यू घेऊ आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा खणायचा ते बघू, पुढे हीच पद्धत कुठल्याही छंग-यूला चालते. घेतलाय तो फो फू छन जोउ. शब्दशः: भांडी फोडा, होड्या बुडवा. वापरातला अर्थ: परतीची वाट स्वतःच बंद करून कामाला भिडणं.

पहिलं काम: चार अक्षरं सुटी करा

फो म्हणजे फोडणं (हा योगायोगच, पण लक्षात ठेवायला बरा). फू म्हणजे स्वयंपाकाचं मोठं भांडं, हंडा म्हणा. छन म्हणजे बुडवणं आणि जोउ म्हणजे होडी. क्रियापद-वस्तू, क्रियापद-वस्तू असे दोन सारखे तुकडे, आणि असे जोडतुकडे छंग-यूंमध्ये भरपूर सापडतात, त्यामुळे नवीन छंग-यू दिसला की आधी तो दोन-दोन असा तुटतोय का ते बघायचं, निम्मं कोडं तिथेच सुटतं.

उच्चारात एक गंमत आहे. मँडरिनमध्ये चार सूर असतात आणि या छंग-यूत ते बरोब्बर उलट्या क्रमाने येतात, चौथा, तिसरा, दुसरा, पहिला. फो खाली आपटायचा, फू खोल खाली न्यायचा, छन प्रश्न विचारल्यासारखा वर चढवायचा आणि जोउ वरच्या पट्टीत सरळ धरून ठेवायचा. सुरांची प्रॅक्टिस करायला यापेक्षा सोयीचा छंग-यू मला तरी माहीत नाही. अजून एक, दोन्ही फ वेगळे आहेत हां! फो मधला फ ओठ मिटून काढायचा, प ला ह जोडल्यासारखा, आणि फू मधला फ 'फॅन'मधला. जोउ मधला ज आपल्या ज आणि च च्या अधेमधे कुठेतरी, जीभ थोडी मागे वळवून.

दुसरं काम: गोष्ट नको, मूळ वाक्य शोधा

इंटरनेटवर 'प्राचीन चीनमध्ये एक शूर सेनापती होता' अशी सुरुवात असलेल्या गोष्टी ढिगाने मिळतात, त्या सोडून द्या. गोष्ट सांगणारा प्रत्येकजण त्यात मीठमसाला घालतो. आपल्याला हवंय ते पुस्तक आणि पुस्तकातलं ते वाक्य.

फो फू छन जोउचं मूळ आहे शीजी या इतिहासग्रंथात, लिहिणारा सिमा छियान, हान राजवटीतला दरबारी इतिहासकार, आणि ग्रंथ पूर्ण झाला तो इ.स.पू. ९१ च्या आसपास. एकूण १३० प्रकरणं. आपलं वाक्य आहे सातव्या प्रकरणात, होड्या बुडवणारा सेनापती शियांग यू याच्या चरित्रात. इथे थांबून एक गोष्ट बघा, ग्रंथाची पहिली बारा प्रकरणं राजे-सम्राटांसाठी राखलेली आहेत आणि शियांग यू कधी सम्राट झालाच नाही, उलट ज्या हान घराण्याच्या पदरी सिमा छियान नोकरीला होता त्या घराण्याचा संस्थापक लिऊ बांग याचा तो सगळ्यात मोठा शत्रू. तरी त्याला सम्राटांच्या पंगतीत बसवलंय. आणि हे लिहिणारा माणूस असा की इ.स.पू. ९९ मध्ये शत्रूला शरण गेलेल्या एका सेनापतीची बाजू दरबारात घेतली म्हणून पुढे त्याला खच्चीकरणाची शिक्षा झाली आणि त्यानंतरही त्याने ग्रंथ सोडला नाही. लिहिणारा कोण, कधी लिहिलं, घटनेपासून किती वर्षांनी, हे तीन प्रश्न प्रत्येक छंग-यूला विचारायचेच. इथे घटना आणि लेखन यात शंभरेक वर्षांचं अंतर आहे.

मूळ चिनी मजकूर चायनीज टेक्स्ट प्रोजेक्टच्या साइटवर फुकट आहे, तैवानच्या शिक्षण खात्याचा ऑनलाइन छंग-यू कोश मूळ उताऱ्यासकट देतो, आणि चिनी येत नसेल तर बर्टन वॉटसन यांच्या इंग्रजी भाषांतरात शियांग यूचं प्रकरण आहे.

तिसरं काम: वाक्याच्या आधीची दोन पानं वाचा

सगळी मजा इथे आहे आणि सगळे हेच टाळतात.

इ.स.पू. २२१ मध्ये छिन राज्याने बाकीची राज्यं गिळून चीन एक केला. पहिला सम्राट इ.स.पू. २१० मध्ये मेला, पुढच्याच वर्षी बंडं सुरू झाली आणि गिळलेली जुनी राज्यं एकेक करून परत डोकं वर काढायला लागली. त्यातलं एक दक्षिणेचं छू. शियांग यू तिथल्या सेनापतींच्या घराण्यातला, बंडात उतरला तेव्हा २४ वर्षांचा. त्याचा काका शियांग लियांग हा खरा म्होरक्या, त्याने जुन्या राजाचा मेंढ्या राखणारा नातू शोधून काढून गादीवर बसवला, पण इ.स.पू. २०८ मध्ये छिनचा सेनापती जांग हान याने काकालाच लढाईत मारलं.

जांग हानला वाटलं छूचा काटा निघाला, तो उत्तरेला जाओ राज्यावर वळला. जाओचा राजा ज्यूलू नावाच्या शहरात कोंडला गेला (आजच्या हबेइ प्रांतात, शिंगताइच्या बाजूला). वेढा घालून बसला होता वांग ली, आणि जांग हान स्वतः दक्षिणेला तळ ठोकून त्याला धान्य पुरवत होता, तेही उघड्या रस्त्याने नाही तर दोन्ही बाजूंनी भिंती घातलेल्या वाटेने. ही भिंतींची वाट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

छूने मदतीला सैन्य पाठवलं पण प्रमुख केलं सोंग यी नावाच्या माणसाला, शियांग यू दोन नंबरला. सोंग यी अर्ध्या वाटेत थांबला आणि ४६ दिवस तिथून हललाच नाही. त्याचं म्हणणं असं की छिन आणि जाओ आधी एकमेकांना दमवू देत, मग आपण जाऊ. शियांग यूला त्याने सुनावलं की चिलखत घालून हत्यार चालवण्यात मी तुमच्यापुढे टिकणार नाही पण बसून डाव आखण्यात तुम्ही माझ्यापुढे टिकणार नाही. वर हुकूम काढला की जो वाघासारखा दांडगा, मेंढ्यासारखा हट्टी, लांडग्यासारखा हावरट असेल आणि ऐकत नसेल त्याचं मुंडकं उडवा. नाव नव्हतं घेतलं पण छावणीत कुणाला कळायचं राहिलं असेल असं वाटत नाही.

खरं सांगायचं तर कागदावर सोंग यीचा डाव मूर्खपणाचा नव्हता. पण थंडी, जोराचा पाऊस, सैनिक उपाशी, आणि हा आपल्या पोराला दुसऱ्या राज्यात मंत्रीपदावर धाडताना मोठी मेजवानी झोडतोय. शियांग यू भडकला. त्याचा मुद्दा असा होता की जाओ पडलं तर छिन अजून बलवान होईल, मग दमलेला शत्रू कुठून मिळणार? सकाळी तो सोंग यीच्या तंबूत गेला, तिथेच त्याचं डोकं उडवलं आणि बाहेर येऊन जाहीर केलं की हा छूविरुद्ध कट करत होता आणि मारायचा गुप्त हुकूम मला राजाने दिला होता. म्हणजे होड्या बुडवायच्या आधीच या माणसाने स्वतःच्या वरिष्ठाला मारून मागे वळायची सोय संपवली होती! हे ज्याला माहीत नाही त्याला तो छंग-यू अर्धाच कळतो, माझं तरी हे ठाम मत आहे.

चौथं काम: आता मूळ वाक्य, शब्द न गाळता

शीजीतला क्रम असा आहे. शियांग यूने आधी दोन सरदारांबरोबर २०,००० सैनिक नदीपार पाठवले. त्यांना थोडंफार यश आलं. जाओच्या बाजूने परत मदत मागितली गेली. मग शियांग यू सगळं सैन्य घेऊन नदीपार गेला, होड्या सगळ्या बुडवल्या, हंडे आणि वाफेवर शिजवायची भांडी फोडली, राहुट्या जाळल्या, तीन दिवसांचं धान्य बरोबर ठेवलं, मरेपर्यंत लढायचंय आणि परतायचा विचारही करायचा नाही हे सैनिकांना दाखवण्यासाठी.

मोजा. छंग-यूत आल्या दोनच गोष्टी, भांडी आणि होड्या. गळालं काय? २०,००० ची आघाडी, जाळलेल्या राहुट्या, आणि तीन दिवसांचं धान्य.

मला विचाराल तर तीन दिवसांचं धान्य हा या वाक्यातला सगळ्यात महत्त्वाचा तुकडा. आंधळेपणाने जीव द्यायला निघालेला माणूस शिदोरी मोजत बसत नाही. तीन दिवस म्हणजे हिशोब आहे, इतक्या वेळात काम उरकायचं आणि पुढचं जेवण शत्रूच्या कोठारातून. आणि हिशोब कशावर बेतलेला? ती भिंतींची वाट आठवतेय ना, पुढच्याच वाक्यात येतं की शियांग यूने पोचताच वांग लीला घेरलं, नऊ लढाया झाल्या आणि धान्याची वाट तोडली. म्हणजे स्वतःची शिदोरी कमी केली पण त्याच वेळी समोरच्याचीही बंद केली.

भांड्यांबद्दल थोडं. मूळ वाक्यात फू बरोबर जंग नावाचंही भांडं आहे, बुडाला भोकं असलेलं, ते फूवर ठेवून खालच्या पाण्याच्या वाफेवर धान्य शिजवायचे, आपलं मोदकपात्र डोळ्यासमोर आणा. छंग-यूत चार अक्षरांत बसवताना जंगला जागा उरली नाही. नदीचं म्हणाल तर मूळ वाक्यात नुसतं 'नदी' म्हटलंय, टीकाकार सहसा जांग नदी धरतात.

पाचवं काम: पुढे काय झालं तेही बघा

ज्यूलूच्या मदतीला इतरही राज्यांची सैन्यं आली होती, दहाच्या वर छावण्या, पण एकाचीही बाहेर पडायची हिंमत नव्हती. छूचे लोक भिडले तेव्हा हे सरदार आपापल्या तटबंदीवरून बघत होते. छूचा एकेक सैनिक दहा-दहांना पुरून उरत होता असं सिमा छियान लिहितो. छिनचा एक सेनापती मारला गेला, वांग ली पकडला गेला, तिसऱ्याने शरण न जाता स्वतःला जाळून घेतलं. नंतर शियांग यूने त्या बघ्या सरदारांना बोलावलं तेव्हा ते गुडघ्यांवर रांगत आत आले, मान वर करायची कुणाची छाती झाली नाही. हे सगळं इ.स.पू. २०७ च्या आसपासचं.

ही झाली सगळे सांगतात ती बाजू. न सांगितली जाणारी बाजू अशी की जांग हान नंतर शरण आला आणि त्याच्याबरोबरचे दोन लाखांवर छिन सैनिक शियांग यूने शिनआन गावाजवळ एका रात्रीत मारून पुरले, आकडा शीजीचाच. आणि इ.स.पू. २०२ मध्ये गायशियाला लिऊ बांगच्या सैन्याने त्याला घेरलं, तो निसटून वू नदीच्या घाटावर आला, तिथला अधिकारी होडी तयार ठेवून उभा होता, म्हणाला इथे होडी एकट्या माझ्याकडेच आहे, लवकर पार व्हा. शियांग यू चढला नाही. कोणत्या तोंडाने गावच्या लोकांसमोर जाऊ म्हणाला, लढला आणि शेवटी स्वतःचा गळा चिरला. दैवाने मला मारलं, माझ्या युद्धकलेचा दोष नाही, असं तो शेवटपर्यंत म्हणत होता आणि प्रकरण संपवताना सिमा छियान सरळ लिहितो की हे म्हणणं चूक आहे. एवढा मान देऊनही माफी नाही, मला हा इतिहासकार आवडतो तो यासाठी.

सहावं काम: याहून जुनं काही आहे का ते तपासा

छंग-यूचं 'मूळ' म्हणून जे सांगतात ते पुष्कळदा सगळ्यात गाजलेलं उदाहरण असतं. होड्या नष्ट करायची कल्पना शियांग यूची नाही. ज्वो-ज्वान या जुन्या ग्रंथात इ.स.पू. ६२४ ची नोंद आहे, छिनच्या राजाने जिन राज्यावर चाल करताना नदी ओलांडून होड्या जाळल्या. तिथूनही एक छंग-यू निघालाय, जी ह फन जोउ, नदी ओलांडून होड्या जाळणं. सुन्झीच्या युद्धशास्त्राच्या काही प्रचलित प्रतींतही होड्या जाळा, भांडी फोडा अशी चार अक्षरं आहेत.

आणि फो फू छन जोउ हा नेमका साचा? शीजीत तो तसाच्या तसा नाहीच, तिथे होड्या आधी आणि भांडी नंतर. मिंग राजवट कोसळत असताना शि खफा या मंत्र्याने सम्राटाला लिहिलेल्या अर्जात मात्र हा चार अक्षरी साचा दिसतो, १६४५ मध्ये यांगजोउ पडलं तेव्हा तो मारला गेला. घटना एका काळातली, वाक्य दुसऱ्या, साचा तिसऱ्या, असं छंग-यूंच्या बाबतीत सर्रास होतं.

होड्या जाळल्या म्हटल्यावर काहींना मेक्सिकोत उतरलेला स्पॅनिश कोर्तेस आठवेल, त्याची गोष्ट वेगळी, १५१९ ची, आणि त्याने जहाजं जाळली नव्हती, निकामी करून टाकली होती. दोन्हींची खिचडी करू नका.

सातवं काम: शेजारचे छंग-यू बाजूला ठेवून बघा

बे श्वे यी जान, पाठीशी पाणी ठेवून लढणं. हा लिऊ बांगचा सेनापती हान शिन याचा, इ.स.पू. २०४ चा, जिंगशिंगच्या खिंडीजवळचा. त्यानेही सैन्य नदीकडे पाठ करून उभं केलं, पण त्याआधी २,००० घोडेस्वार लाल झेंडे देऊन डोंगरातून लपवून पाठवले होते, शत्रू छावणी सोडून बाहेर आला की आत घुसून झेंडे लावायला. अडचणीत सापडून निकराने लढण्याचा वास या छंग-यूला जास्त येतो. फो फू छन जोउमध्ये अडचण आपणच ओढवून घेतलेली असते.

गू जू यी जर म्हणजे उरलेले सगळे पैसे एका डावावर लावणं, जुगारातला शब्द. यात बेपर्वाई आहे, कौतुक कमी. सगळी जमापुंजी घालून कुणी शेअर मार्केटमध्ये उडी मारली तर हा वापरा, फो फू छन जोउ वापरलात तर तुम्ही त्याची पाठ थोपटताय असा अर्थ होईल.

मराठीत काय म्हणायचं?

भाषांतर करणाऱ्यांसाठी उत्तर तयार आहे: परतीचे दोर कापणे. १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाण्यावर तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरायला लागले तेव्हा सूर्याजीने कड्यावरचे दोर कापले, ही परंपरेने आलेली गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत आहे. फरक एकच आणि तो मोठा आहे, सूर्याजीने दोर कापले ते नेता पडल्यावर, पळणाऱ्यांना थांबवायला, शियांग यूने होड्या बुडवल्या त्या लढाई सुरू व्हायच्या आधी. म्हणून 'ठरवून परतीचे दोर कापून टाकले' असं म्हटलं की चिनी अर्थाच्या बऱ्यापैकी जवळ जातं. 'करा किंवा मरा' मात्र टाळा, त्याच्या डोक्यावर १९४२ बसलेलं आहे.

आणि वापर

मँडरिनमध्ये हा छंग-यू फार वेळा 'निर्धार' या शब्दाला चिकटून येतो, फो फू छन जोउ द जुए-शिन, म्हणजे परतीची वाट तोडल्याचा निर्धार. मोठ्या परीक्षेच्या आधी, धंद्यात जुनं सगळं बंद करून नवीन सुरू करताना, स्पोर्ट्समध्ये शेवटच्या मॅचच्या आधी. चिनी मुलांना हा तोंडपाठ असतो तो एका गाजलेल्या जोडओळीमुळे, तिच्या एका बाजूला शियांग यूची भांडी आणि होड्या, दुसऱ्या बाजूला हरल्याचा अपमान विसरू नये म्हणून सरपणावर झोपून पित्त चाटणारा युए देशाचा राजा. उद्यापासून जिम लावणार, आज डाएट सुरू केलं, असल्या गोष्टींना वापरला तर चिनी माणूस हसेल (मुद्दाम विनोद करायचा असेल तर बिनधास्त वापरा).

स्वतःला तपासायला एकच प्रश्न पुरतो: परत फिरता येत होतं आणि ते आपणहून बंद केलं का? परत फिरताच येत नव्हतं तर हा छंग-यू नाही, बे श्वे यी जान बघा.

पद्धत हातात बसवायची असेल तर लांब जाऊ नका, शीजीच्या त्याच उताऱ्यात अजून दोन छंग-यू पडलेत. यी यी दांग शर, एकाने दहांना पुरून उरणं, तो सोपा आहे. दुसरा ज्वो बी शांग ग्वान, तटावरून बघत बसणं, मदतीला यायचं आणि मग नुसती मजा बघायची. त्याच्यासाठी जाओचे दोन जिवलग दोस्त जांग अर आणि छन यू वाचा, एक ज्यूलूच्या आत अडकलेला आणि दुसरा बाहेर सैन्य घेऊन थांबलेला, वेढा उठल्यावर दोघांचं जे भांडण झालं ते शीजीच्या ८९ व्या प्रकरणात आहे, आणि ते सातव्या प्रकरणाइतकंच भारी आहे.